शी गटारात धुतली की जाते कुठे? लेआउटमधली कुत्री आणि नाल्याचं पाणी

येळ्ळूर_रोड_रहिवासी

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावच्या पुढे, येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली वसाहत आहे. साठेक घरं, बहुतेक सगळ्या ३० बाय ४० फुटांच्या साइट (प्लॉट). पाळीव कुत्री २५, शिवाय मोकाट दहा-बारा. लेआउटची गटारं मागच्या नाल्याला मिळतात, आणि तो नाला खाली भाताच्या आणि भाजीच्या शिवारातून जातो. खालचे शेतकरी म्हणतात, पहिल्या पावसात पाण्याला घाण वास येतो आणि चिखलात उतरलं की पायाला खाज सुटते.

सध्याची पद्धत अशी: कुत्र्यानं पोर्चमध्ये किंवा रस्त्यावर शी केली की पाइप लावून गटारात ढकलायची, वर फिनेल. काहीजण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती पिशवीच नाल्याकडे भिरकावतात. रहिवासी संघाच्या बैठकीत नियम करायचा आहे. दोन मतं आहेत. एक गट म्हणतो, "शेण खत असतं तशी शीसुद्धा खतच, मातीत मिसळून जाते." दुसरा म्हणतो, सगळी शी गोळा करून एका कोपऱ्यात कंपोस्ट करू.

विचारायचं एवढंच: कुत्र्याच्या शीमुळे नाल्याचं पाणी खरंच किती बिघडतं? आणि घरटी करता येईल अशी योग्य पद्धत कोणती? लेआउटमध्ये युजीडी (जमिनीखालची ड्रेनेज लाइन) आहे, पण दहा-बारा घरं अजून सेप्टिक टाकीवर आहेत.

---

पाणी_परीक्षक

आधी एक गैरसमज काढू या, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गटार आणि ड्रेनेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संडासाचं पाणी नेणारी युजीडीची लाइन जमिनीखालून शुद्धीकरणाकडे जावी म्हणून टाकलेली असते. रस्त्याकडेचं गटार पावसाच्या पाण्यासाठी असतं आणि ते थेट नाल्यात उतरतं. मध्ये जाळी नाही, टाकी नाही, कसलीही प्रक्रिया नाही. लेंडी नाला काय, बळ्ळारी नाला काय, शहराच्या गटारांचं पाणी पोटात घेऊनच ते शिवारात शिरतात. म्हणून पाइपनं धुतलेली शी "गेली" असं वाटतं, पण ती गेलेली नसते. फक्त पातळ होऊन खालच्या माणसाच्या वाफ्यात पोचलेली असते.

आता आकडा. कुत्र्याच्या एक ग्रॅम विष्ठेत सुमारे २.३ कोटी फिकल कोलिफॉर्म जिवाणू धरले जातात. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडे १०० मिलीमध्ये ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि २५०० ही कमाल. भागाकार करून बघा: एक ग्रॅम शी ९२० लिटर स्वच्छ पाण्याला कमाल मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा, आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा तुकडा. मध्यम आकाराचं कुत्रं दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास शी करतं. म्हणजे तुमच्या २५ कुत्र्यांची रोजची पाच किलो, महिन्याची दीडशे.

कोलिफॉर्म स्वतः सगळेच रोग करतात असं नाही. ते खूण आहेत. विष्ठा पाण्यात पोचली आहे आणि तिच्याबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया असे रोगजंतू येऊ शकतात, एवढं ते सांगतात.

पहिल्या पावसाचा वास येतो त्याचं कारणही यातच आहे. मार्च ते मे रस्त्याकडेला, मोकळ्या साइटवर शी साठत राहते. उन्हानं वरच्या थरातले जिवाणू बरेच मरतात, पण ढेकळाच्या आत ओल राहते तिथले टिकतात. वळवाची एक जोरदार सर आली की दोन-तीन महिन्यांचा साठा अर्ध्या-पाऊण तासात नाल्यात उतरतो. त्या वेळी नाल्यात मुळात पाणी कमी, त्यामुळे पातळ व्हायलाही वाव नसतो. घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. प्राणवायू संपला की जे जिवाणू काम करतात त्यांच्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्याच वेळी मासे तोंड वर काढून वरवर फिरताना दिसतील.

मग पाणी निवळतं आणि लोकांना वाटतं झालं. तसं नसतं. गाळात बसलेले जिवाणू आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. म्हशी नाल्यात उतरल्या, कुणी पंपाचा फुटव्हॉल्व्ह गाळात टेकवला, की ते पुन्हा वर येतात.

खताचा मुद्दा राहिला. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव जंगलांचा अभ्यास झाला. फिरायला आणलेल्या कुत्र्यांमुळे हेक्टरी वर्षाला ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडतो असं त्यात निघालं. नायट्रोजन मूत्रातून आणि शीतून दोन्हीकडून येतो, फॉस्फरस मात्र जवळजवळ सगळा शीतून. म्हणजे शी उचलली तर फॉस्फरस जवळपास पूर्ण थांबतो. नाल्याच्या संथ डबक्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते ती याच फॉस्फरसवर. पण आपल्या नाल्यात फॉस्फरस मुख्यतः साबण-पावडर आणि मैलापाण्यातून येतो हेही खरं, म्हणून तिकडचे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. तुमच्यासाठी जिवाणू आणि जंत हाच मोठा मुद्दा आहे.

फिनेलबद्दल: शी तिथेच ठेवून वर फिनेल ओतल्यानं आतले जंतू मरत नाहीत. सेंद्रिय घाण जंतुनाशक खाऊन टाकते. आणि उरलेलं फिनेल नाल्यातल्या जिवांना विषारी.

---

गोठा_आणि_मळा

खालच्या बाजूच्या लोकांकडून दोन गोष्टी.

पहिली: सगळं खापर कुत्र्यांवर फोडू नका. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. गोठे धुऊन ते पाणी नाल्यात सोडणारे आमच्याकडेही आहेत, आणि सेप्टिक टाक्यांची तोंडं गटारात सोडलेली घरं तुमच्याकडेही असणार. तिन्हीकडं एकदम बघितलं नाही तर नुसती कुत्र्यांची शी उचलून नाला निवळणार नाही.

दुसरी: तरीही शेण आणि कुत्र्याची शी एक नव्हे. गुरं चारा खातात, त्यांचं शेण आपण उकिरड्यात कुजवतो, मगच शेतात घालतो. कुत्रं मांसाहारी, त्याच्या पोटातले जंत माणसालाही बाधतात. पायाला खाज म्हणताय ती नुसत्या चिखल्यांची असेल असं धरून बसू नका. हूकवर्मच्या अळ्या ओल्या मातीत अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. कुत्र्याच्या हूकवर्मची अळी कातडीखालीच सरपटत राहते, लालसर नागमोडी रेघ उठते, रात्री खाज वाढते. अशी रेघ दिसली तर मलम चोळत बसू नका, कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

गोठेवाल्यांनी एक विशेष लक्षात ठेवा. कुत्र्याची शी वैरणीवर किंवा गव्हाणीत पडली तर निओस्पोरा नावाचा परजीवी गाई-म्हशींच्या पोटात जातो आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभ पडतो. कुत्र्याला तो लागतो गाभडलेलं वासरू किंवा व्यायलेल्या जनावराची वार खाल्ल्यानं. म्हणून वार उकिरड्यावर फेकायची नाही, खोल पुरायची. आणि तुमच्या लेआउटमधली शी आमच्या उकिरड्यात आणून टाकायची सोय कुणी सुचवली तर आत्ताच नाही म्हणून सांगतो. गोबरगॅसमध्येही नको. त्या उबेला जंतांची अंडी खात्रीनं मरत नाहीत, आणि स्लरी शेवटी भाजीलाच जाते.

मळेवाल्यांसाठी: नाल्याचं पाणी कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा यांच्या पानांवर उडवू नका, सरीतून बुडाला द्या. काढणीआधी किमान आठवडाभर ते पाणी बंद ठेवा, उन्हानं पानावरचे जिवाणू बरेच कमी होतात. जंतांची अंडी मात्र तशी मरत नाहीत, म्हणून जुडी बांधण्याआधी नाल्यात बुचकळून काढायची सवय पहिली सोडा. विहिरीच्या पाण्यात धुवा. हीच भाजी बेळगावच्या मार्केटला जाते, तिथून गोव्याला, आणि कोथिंबीर-मुळा कच्चाच खाल्ला जातो.

---

पशुवैद्यक_सीमाभाग

वरच्या पोस्टमधलं सगळं बरोबर आहे. उगमाकडची बाजू मी सांगते, कारण निरोगी कुत्र्याची शी चुकून नाल्यात गेली तरी नुकसान कमी होतं.

गोल जंतांची मादी, टॉक्सोकॅरा, दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे मुरली की मगच ती बाधतात, आणि नंतर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. यातूनच एक सोपा नियम निघतो: शी २४ तासांच्या आत उचलली तर हा धोका तिथल्या तिथे संपतो. "वाळू दे, मग उचलू" म्हणत महिना गेला की शी विरघळलेली दिसते, पण अंडी मातीत उतरलेली असतात.

जंताचं औषध: पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर असतो, अंदाजानं अर्धी-पाव गोळी देऊ नका. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस शीतून जंत आणि अंडी जास्त पडतात, त्या दिवसांत शी उचलण्यात अजिबात ढिलाई नको. साध्या गोल जंतांच्या औषधानं पट्टकृमी मरत नाहीत, त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते. मटणाच्या दुकानामागे फिरणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या फुफ्फुसात, काळजात (यकृतात) पाण्याच्या गाठी असतात, त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकोकस नावाचा पट्टकृमी वाढतो. सहा-सात आठवड्यांत त्याची अंडी शीतून पडू लागतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर काळजात तशाच गाठी होतात. कुत्र्याला कच्चं काळीज-फुफ्फुस घालू नका, उकळून घाला.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, शीतून नव्हे तर मूत्रातून पसरतो. उंदीर, गुरं, कुत्री, तिघांच्याही. मूत्र काही उचलता येत नाही, म्हणून इथे लस हाच उपाय. लेप्टोचा अंश असलेली लस पहिल्यांदा तीन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन वेळा, नंतर दरवर्षी. तिचा जोर वर्षभराच्या पुढे टिकत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये, पावसाआधी टोचून घ्या. भात रोप लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच चिखलात उतरा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "चिखलात काम केलंय" हे वाक्य आठवणीनं सांगा. त्यावरून त्यांना दिशा मिळते.

मांजर पाळणाऱ्यांसाठी एकच: मांजराच्या ट्रेमधली माती किंवा खडे कमोडमध्ये, गटारात, कुठेच ओतायचे नाहीत. मांजराच्या शीतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पाण्यात फार काळ टिकतो. रोजच्या रोज कागदात गुंडाळून कचरागाडीत द्या. गरोदर बाईनं तो ट्रे साफ करू नये.

---

येळ्ळूर_रोड_रहिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, तुमचं २४ तासांचं सूत्र बैठकीत सांगतो. आता मुख्य अडचण: उचललेली शी टाकायची कुठे? काहीजण प्रत्येक साइटमध्ये शोषखड्डा घ्या म्हणतात. कंपोस्टचा प्रस्तावही अजून उभा आहे. आमची माती काळी आहे.

---

सिव्हिल_साइट

काळ्या मातीत खड्डा नको. कारणं सांगतो.

शोषखड्ड्याचं साधं रूप असं असतं: वीस लिटरचा रंगाचा रिकामा डबा घ्यायचा, बूड कापून काढायचं, बाजूला १२ मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं पाडायची. अडीच-तीन फूट खोल खड्ड्यात खाली अर्धा फूट वीस मिलिमीटरची खडी, त्यावर डबा, झाकण जमिनीच्या दोन इंच वर. आत शी, तांब्याभर पाणी आणि सुरुवातीला थोडी शेणाची रबडी. जिवाणू घन भाग विरघळवतात, पाणी खडीतून मुरतं. हे चालतं कधी, तर माती पाणी पिते तेव्हा. काळी माती जूनमध्ये फुगली की तिच्या भेगा मिटतात, डबा तुंबतो, आणि जुलैच्या झडीत झाकणातून वर येऊन सगळं अंगणभर. म्हणजे जे नाल्यात जाऊ नये म्हणून खड्डा घेतला तेच नाल्यात.

पश्चिमेकडे, उचगाव-जांबोटी बाजूला तांबडी माती आणि जांभा दगड आहे. तिथे उलटा धोका. पाणी झटकन मुरतं, पण जांभ्यातल्या पोकळ्यांतून न गाळताच विहिरीत उतरतं. म्हणून तिथेही विहीर, बोअर किंवा ओढ्यापासून ३० मीटर अंतर आणि खड्ड्याच्या बुडाखाली पावसाळ्यातल्या पाणीपातळीपर्यंत किमान दीड मीटर कोरडी माती हवी. तुमची साइट ३० बाय ४० फूट, म्हणजे ९ मीटर बाय १२ मीटर. शेजाऱ्याच्या बोअरपासून ३० मीटर अंतर तुम्ही काढणार कुठून? साठ घरांच्या लेआउटमध्ये ते गणित बसतच नाही.

कंपोस्टचंही गणित मांडा. जंतांची अंडी मारायची तर ढीग आतून ६० अंशांच्या आसपास तापून काही दिवस तसाच राहायला हवा. त्यासाठी किमान एक घनमीटर माल एकदम लागतो: दोन घमेली शी, एक घमेलं लाकडाचा भुसा, मुठीत दाबल्यावर थेंबभर पाणी सुटेल इतकी ओल, आणि थर्मामीटरनं बघत चाळवणं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं अलास्कात हे करून दाखवलं, पण ते स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या मोठ्या कळपांवर. तुमच्याकडे दिवसाला पाच किलो शी, भुशासह साडेसात लिटर. एक घनमीटर भरायला चार महिने लागतील. एवढ्या हळू भरणारा ढीग तापतच नाही, नुसता सडतो. वर पावसाचं पाणी त्यातून पाझरून नाल्यात. तो प्रस्ताव सोडून द्या.

युजीडी असलेल्या घरांना सगळ्यात चांगली जागा म्हणजे घरचं कमोड. शी एकटी टाकायची, पिशवी नाही, वर्तमानपत्र नाही. वर्तमानपत्र विरघळत नाही, ट्रॅपमध्ये घडी होऊन बसतं. बायोडिग्रेडेबल छापलेली पिशवीसुद्धा नको, ती चेंबरमध्ये काही महिने तशीच राहते. वरून पूर्ण एक फ्लश, साताठ लिटर. कमी पाण्यात शी आडव्या पाइपात अडते आणि तिच्यावर केस, खडे जमत जातात. केसांचे पुंजके, माती, खडे आधी झटकून घ्या.

उचलण्याची रीत: कोरडी उचला, पाणी शेवटी. पत्र्याची सुपली आणि जुना उलथना, दोन्ही फक्त याच कामाला. पातळ शी असेल तर वर ओंजळभर राख किंवा भुसा टाका, पाच मिनिटांनी खरवडून घ्या. राख-भुसा मिसळलेली शी कमोडमध्ये नको, ती कागदात गुंडाळून कचरागाडीकडे. राहिलेला डाग ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं कमोडमध्ये पिळा. पोर्च धुवायचाच असेल तर आता अर्ध्या बादलीत धुतला जातो, ते पाणी झाडाच्या आळ्यात टाका. भाजीच्या नाही, फुलाच्या.

सेप्टिक टाकीवरच्या घरांनी एक काम आधी करा: टाकीचं शेवटचं तोंड कुठे निघतं ते बघा. बादलीभर पाण्यात कुंकू नव्हे, खाण्याचा हिरवा रंग दाट कालवून कमोडमधून सोडा, मागोमाग चार-पाच फ्लश, आणि दिवसभर गटारावर नजर ठेवा. टाकी मोठी असेल तर रंग फार फिका होतो, म्हणून संध्याकाळपर्यंत दिसला नाही म्हणजे सुटलात असं समजू नका, चेंबर उघडून पाइपाची दिशा डोळ्यानं बघा. तोंड गटारात असेल तर कुत्र्याची शी सोडाच, घरातल्या माणसांचाच मैला नाल्यात जातोय. युजीडीला जोडणी घेणं हा पहिला खर्च. टाकी नीट असेल तर एका-दोन कुत्र्यांची शी तिला जड जात नाही, फक्त गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायला लावा.

ज्यांना कमोड नको वाटतं त्यांनी दोन थर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, डायपरसारखं वेगळं, पौरकार्मिकांच्या (सफाई कामगारांच्या) हातात सांगून द्यावं. ओल्या कचऱ्यात लपवून नाही. ओल्या कचऱ्याचं खत होतं, आणि तो कचरा कुणीतरी हातानं निवडत असतं.

---

पाणी_परीक्षक

नियम लागू करण्याआधी आणि नंतर पाणी तपासलं तर संघाला हातात काहीतरी राहील. पण तपासणी चुकीची केली तर पैसे वाया, म्हणून तपशिलात लिहितो.

बाजारातली काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइडची बाटली नाल्याला लावू नका. ती पिण्याच्या पाण्यासाठी, हो-नाही एवढंच सांगणारी. नाल्याच्या पाण्यात ती कायम काळीच पडणार. तुम्हाला संख्या हवी, म्हणजे प्रयोगशाळेत एमपीएन पद्धतीनं (नळ्यांवरून जिवाणूंची अंदाजे संख्या काढतात ती) फिकल कोलिफॉर्म. नमुना देताना लेखी सांगा की नाल्याचं पाणी आहे, दहा हजारपट पातळ करण्यापर्यंतच्या नळ्या लावा. हे सांगितलं नाही तर पिण्याच्या पाण्यासारखी चाचणी होते आणि अहवालात "१६०० पेक्षा जास्त" एवढंच येतं. आधी दोन लाख होते आणि नंतर वीस हजार झाले, तरी दोन्ही अहवाल सारखेच दिसतील.

जागा तीन: लेआउटच्या वर, गटार नाल्याला मिळतं तिथे गटाराच्या तोंडात, आणि खाली दीड-दोनशे मीटरवर पाणी मिसळल्यानंतर. वेळा दोन: तीन दिवस पाऊस नसताना, आणि चांगली सर सुरू झाल्यापासून तासाभरात. तिन्ही बाटल्या एकाच फेरीत, खालून वर जात भरा, म्हणजे तुमच्या पायानं ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक केलेली घ्या. तोंड प्रवाहाकडे, वीतभर खाली, गाळाला न लावता, वर बोटभर जागा रिकामी. बूच हातातच धरा, जमिनीवर ठेवू नका. मासळीवाल्याचा थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बाटली बर्फात पण बर्फाचं पाणी बुचाला लागणार नाही अशी. सहा तासांच्या आत पोचवा. शनिवारी दुपारी नमुना घेऊ नका, सोमवारपर्यंत पडून राहिलेल्या बाटलीतला आकडा नाल्याचा नसतो.

वाचायचं असं: कोरड्या दिवशीही गटाराचं तोंड वाईट असेल तर रोज वाहणारं काहीतरी आहे, म्हणजे मैलापाणी. कोरड्या दिवशी बरं आणि पावसात एकदम उसळी, तर रस्त्यावरून आणि मोकळ्या जागेवरून धुऊन येणारी विष्ठा.

---

नदीकाठ_खानापूर

फिकल कोलिफॉर्म आणि फिकल स्ट्रेप्टोकोकाय यांचं गुणोत्तर काढलं की माणसाचं की जनावराचं ते कळतं ना? चारच्या वर माणसाचं, ०.७ च्या खाली जनावराचं, असं शिकवलं जातं.

---

पाणी_परीक्षक

जुन्या पुस्तकांत आहे, पण आता ते ग्राह्य धरत नाहीत. दोन्ही जिवाणू पाण्यात वेगवेगळ्या वेगानं मरतात, त्यामुळे गुणोत्तर तासातासाला बदलतं. खात्रीनं ओळखायचं तर कुत्र्याच्या किंवा माणसाच्या आतड्यातल्या विशिष्ट जिवाणूंचा डीएनए तपासावा लागतो, आणि तो लेआउटच्या खर्चात बसणारा नाही.

स्वस्तातला एक उपाय आहे. कपड्याच्या पावडरीत उजाळा देणारं द्रव्य असतं, ते कापसाला चिकटतं आणि नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली निळसर चमकतं. न धुतलेला, न पांढरा केलेला कापूस जाळीत बांधून चार-पाच दिवस प्रवाहात ठेवायचा, अंधारात बघायचा. आधी कोरा कापूस टॉर्चखाली बघून घ्या, तोच चमकत असेल तर दुसरा आणा. चमकला तर घरगुती सांडपाणी येतंय. पण जिथे न्हाणीचं पाणी उघड्या गटारातच सोडलेलं आहे तिथे तो चमकणारच, त्यातून संडासाचं काही कळणार नाही. तुमच्या लेआउटमध्ये ज्या गल्लीची सगळी घरं युजीडीला जोडलेली आहेत तिथेच ही युक्ती करा. तिथे कापूस कोरा राहिला आणि पावसात आकडा उसळला, तर बोट जनावरांकडे जातं.

---

सिव्हिल_साइट

मोकाट कुत्र्यांचं राहिलं. अन्न घालतात त्याच्या आसपासच ती शी करतात, म्हणून जागा बदलली की शीची जागा बदलते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत अन्न घालायची जागा रहिवासी संघानं ठरवायची तरतूद आहे, मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्या-दारापासून दूर. त्यात आपली एक अट घाला: नाल्याच्या काठापासून किमान ३० मीटर, आणि उतार नाल्याकडे नसलेली. ती जागा रोज सकाळी एकानं सुपलीनं साफ करायची, पाळी लावून.

काठावर वाळ्याच्या तीन ओळी लावा. दोन रोपांत वीतभरापेक्षा कमी, दोन ओळींत मीटरभर, ओळी उताराला आडव्या. मिरगाचा पाऊस पडला की लावायचा, पहिले दोन महिने गुरांपासून राखायचा. दाट झाला की पाण्याचा वेग मोडतो, घन घाण आणि गाळ अडतो. विरघळलेलं आणि सुटे जिवाणू त्यातून जातातच, म्हणून वाळा लावला म्हणजे शी उचलायची गरज नाही असं समजू नका. काँक्रीटच्या गटारातून येणारं पाणी तर वाळ्याला वळसा घालून थेट नाल्यात पडतं, त्याला काठावरचा वाळा शिवतही नाही.

---

गोठा_आणि_मळा

खालच्या विहिरींसाठी एक जोडतो. नाला भरून शिवारात पसरला आणि विहिरीच्या काठावरून पाणी आत गेलं, तर ब्लिचिंग पावडर लागते. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ७८५ नं गुणा, लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवायची, दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीनं पाण्याखाली नेऊन हलवायचं. तासभर कुणी पाणी भरायचं नाही. गढूळ विहिरीत पावडर वाया जाते, आधी एकदा उपसा. जिआर्डिया आणि जंतांच्या अंड्यांना हा डोस पुरत नाही, प्यायचं पाणी पावसाळा संपेपर्यंत उकळूनच.

आणि नाल्यातच पावडर टाकू असं कुणी सुचवेल. टाकू नका. घाण ती पावडर गिळून टाकते, मासे तेवढे मरतात, आणि वरून धुऊन येणारं पाणी तासाभरात पुन्हा तसंच.

---

येळ्ळूर_रोड_रहिवासी

ठरलं असं मांडतो. युजीडीवाल्या घरांनी कमोड, बाकीच्यांनी गुंडाळून गाडीत. पाइपनं गटारात धुणं बंद. सेप्टिकच्या बारा घरांची तोंडं या महिन्यात तपासायची. मे संपायच्या आत मोकळ्या साइटवरची साठलेली शी उचलून घ्यायची, आणि पहिल्या सरीला तीन बाटल्या भरायच्या. मोकळ्या साइटवरची जुनी, वाळून माती झालेली शी कशी उचलायची?

---

पशुवैद्यक_सीमाभाग

कोरडी झाडू नका, धूळ नाकातोंडात जाते. झारीनं हलकं पाणी शिंपडा, चिखल होईल इतकं नाही. मास्क, हातमोजे, बंद बूट. फावड्यानं शीसकट वरची दोन-तीन इंच माती उचला, कारण अंडी तिथेच असतात. ती माती पोत्यात भरून गाडीत द्या, फुलझाडांना किंवा कुंडीत वापरू नका. फावडं उकळत्या पाण्यानं धुवा, साध्या जंतुनाशकानं अंडी मरत नाहीत. ते पाणीही कमोडमध्येच.